कार्डो काही मरत नाही

मरण ही गोष्ट मालिकावाल्यांनी कुठेच मनावर घेतलेली नाही. आपल्याकडे दरीत कोसळलेला नवरा वर्षभराने दुसऱ्याच नटाचा चेहरा घेऊन परत येतो आणि सासू फक्त एवढंच विचारते, ‘जेवलास का?’ नावात ‘चार दिवस’ आणि चालली अकरा वर्षं, अशी सासूची मालिका ज्या घरात पचली त्या घरातला मी. ताणण्याच्या कलेत आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती. ती फिलिपिनो खलाशांनी मोडून काढली.

मी तेव्हा मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनिअर होतो, म्हणजे बोटीच्या भाषेत ‘तीन साब’. अधिकारी बरेचसे आपले आणि क्रू फिलिपिनो. रात्रीची जेवणं आटोपली की क्रूच्या मेसमध्ये टीव्हीला हार्ड डिस्क लागायची. नवा माणूस बोटीवर चढला की कॅप्टन त्याचे कागद तपासायचा आणि बाकीचे त्याची हार्ड डिस्क. तिच्यात ताजे भाग असले तर त्याची बॅग उचलायला सगळे धावत. नसले तर त्याची बॅग त्यानेच उचलायची.

मालिका होती ‘एफपीजेज आंग प्रोबिन्स्यानो’. गावाकडून आलेल्या पोलिसाची गोष्ट. मूळ सिनेमा नव्वदच्या दशकातला, फर्नांडो पो ज्युनिअरचा. फिलिपिन्समध्ये त्याला नुसतं एफपीजे म्हटलं तरी पुरतं. जुळे भाऊ, त्यातला एक मारला जातो, गावाकडचा त्याच्या जागी उभा राहतो आणि खुन्यांचा हिशेब चुकता करतो. एका बैठकीत सूड पूर्ण, प्रेक्षक घरी. हीच गोष्ट एबीएस-सीबीएन वाहिनीने 28 सप्टेंबर 2015 रोजी कोको मार्टिनला घेऊन सुरू केली आणि 12 ऑगस्ट 2022 रोजी संपवली. भाग झाले 1,696.

मला टागालोग येत नाही, पण त्यावाचून काही अडलं नाही. दाढी राखलेला वाईट, सूट घातलेला जास्त वाईट, आणि आजी रडायला लागली की कोणीतरी गेलं. उरलेलं बोसन, म्हणजे आमच्या जुन्या खलाशांच्या भाषेत सारंग, समजावून सांगायचा. ‘सर, हा कार्डो. पोलीस.’ काही आठवड्यांनी विचारलं तर, ‘सर, आता पोलीस त्याच्या मागे आहेत.’ पुढे कार्डो तुरुंगात गेला, डोंगरात गेला, ‘वेंडेटा’ नावाच्या टोळीत जाऊन बंडखोर झाला, राष्ट्राध्यक्षाला वाचवून पुन्हा पोलीस झाला. गोळ्या इतक्या खाल्ल्या, की इंजिनरूममध्ये त्याचं शरीर चाळणी म्हणून बसवता आलं असतं. दरवेळी मी म्हणे, ‘बोस, आता संपलं.’ तो शांतपणे भात कालवत म्हणे, ‘सर, कार्डो मरत नाही.’

जुळ्यांचा डाव लेखकांना इतका आवडला, की पुढे त्यांनी राष्ट्राध्यक्षाचाच तोतया गादीवर बसवला. बोसन हे फार मोठं नवल म्हणून सांगत होता. मी त्याला पानिपतानंतर पुण्यावर चालून आलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची हकिगत ऐकवली. त्याने विचारलं, ‘किती सीझन चाललं, सर?’

या मालिकेतली नाती पडद्यावर एक आणि पडद्यामागे दुसरीच. कार्डोच्या आजीचं, लोला फ्लोराचं काम करणाऱ्या सुसान रोसेस म्हणजे एफपीजेची खरीखुरी पत्नी. म्हणजे मूळ नायकाची बायको ही नव्या नायकाची आजी! आपल्याकडे हे नातं मांडायचं तर एक अख्खा महासप्ताह लागला असता. एफपीजे सिनेमे दिग्दर्शित करायचा ते रोनवाल्दो रेयेस या टोपणनावाने. कोको मार्टिनचं उलटं. त्याचं पडद्यावरचं नाव टोपण, आणि दिग्दर्शक म्हणून लावलेलं रोडेल नासियानसेनो हे मात्र जन्माचं.

खरं आणि खोटं यांतली सीमा तिथल्या सरकारलाही सापडत नव्हती. मालिकेत पोलीसप्रमुखच भ्रष्ट दाखवला, म्हणून नोव्हेंबर 2018 मध्ये खऱ्या पोलीसप्रमुखांनी नाराजी जाहीर केली आणि खात्याच्या मंत्र्यांनी कायदेशीर कारवाईची भाषा केली. पुढे दोन्ही बाजूंनी जमवून घेतलं. वेंडेटाचा म्होरक्या झालेला लिटो लापिड 2019 मध्ये खऱ्या सिनेटवर निवडून गेला. स्वतः एफपीजे मात्र 2004 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून हरला होता आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला. निवडणुकीला रिटेक नसतो. खलनायक रेनातो इपोलितोचं काम करणारे जॉन आर्सिया 2021 साली एका सिनेमासाठी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. एवढा मान मिळवूनही मालिकेत कार्डोचा मार चुकला नाही तो नाहीच.

कार्डोला कोणी मारू शकत नाही हे पाहून सरकारने वाहिनीवरच नेम धरला. प्रक्षेपणाच्या परवान्याची मुदत संपली आणि 5 मे 2020 रोजी एबीएस-सीबीएन बंद करण्यात आली. 10 जुलैला संसदेच्या समितीने 70 विरुद्ध 11 मतांनी नवा परवाना नाकारला. खाली जमीनच उरली नाही तर कुठलाही नायक पडेल. कार्डो पडला नाही. तो केबलवर गेला, इंटरनेटवर गेला आणि पुढे ए टू झेड व टीव्ही फाइव्ह या दुसऱ्यांच्या वाहिन्यांवर बिऱ्हाड थाटून राहिला. घर गेलं तरी भाडेकरू म्हणून सूड चालू.

मे 2022 मध्ये सुसान रोसेस गेल्या आणि ऑगस्टमध्ये मालिका आवरली. शेवटच्या भागात कार्डोचे साथीदार धडाधड पडले. कार्डो जगला. एवढ्या वर्षांनी त्याला मारायची लेखकांची टाप नव्हती, आणि टाप असती तरी प्रेक्षकांनी आधी लेखकांना गाठलं असतं.

इतकी लांबण का, असं मी बोसनला एकदा विचारलं होतं. वर्षातले नऊ-नऊ महिने पाण्यावर काढणारा माणूस तो. म्हणाला, ‘सर, घरी गेलो की मुलगी उंच झालेली असते, बायकोने भिंतींचा रंग बदललेला असतो, शेजारी नवे असतात. टीव्ही लावला की कार्डो पळतोच आहे. म्हटलं, चला, आपलं काही चुकलं नाही.’ यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण सुट्टीत रत्नागिरीला गेल्यावर मीही आईशेजारी बसून तिचीच मालिका बघतो आणि पाच मिनिटांत सगळं कळतं. घरात बसून रोज बघणाऱ्याला जे पाणी घालणं वाटतं, तेच लांबून येणाऱ्याला आपल्यासाठी धरून ठेवलेली जागा वाटते.

कोको मार्टिन अजून दमलेला नाही. 13 फेब्रुवारी 2023 पासून एफपीजेच्याच 1986 सालच्या सिनेमावरून त्याने ‘बातांग किआपो’ सुरू केली. बोसनचा लगेच निरोप आला, ‘सर, पहिल्या भागापासून बघा, नंतर समजणार नाही.’ ही त्याची निव्वळ थाप होती. कुठूनही बघा, समजतं. लांबलेल्या मालिकांना नावं ठेवणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे, की त्यांनी आधी नऊ महिन्यांचं एक कॉन्ट्रॅक्ट बोटीवर करून यावं आणि मग खुशाल ठेवावीत.