डोळा, वीत आणि अठरा गुणसूत्रे

प्रथम स्थलनिश्चिती. या प्रबंधातले कारंजा हे वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे, घाडग्यांचे. नृसिंह सरस्वतींचे कारंजा लाडांचे, ते वाशीम जिल्ह्यात. तिकडच्या विद्वानांनी या प्रबंधावर हक्क सांगू नये.

विषय इथल्या संत्र्याच्या डोळ्याचा. कलमासाठी वाढवलेला जंबेरी लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चीर देतात, तीत निवडक झाडाचा डोळा सरकवतात आणि पट्टीने करकचून बांधतात. पुढे आंबिया बहार घ्या की मृग, फळ येते ते डोळा दिलेल्या झाडाचेच. का?

पूर्वपक्ष असा, की गुण मातीचा. पण त्याच मातीत जंबेरीही वाढते, आणि ती एकदा चाखलेला माणूस हा मुद्दा पुन्हा काढत नाही.

आता सिद्धान्त. डोळ्यातल्या पेशी दुभंगतात तेव्हा वाटणी चोख होते. संत्र्याच्या पेशीत गुणसूत्रे अठरा. त्यांतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे वीतभर भरावा. (डोळाही वीतभरच उंचीवर बांधतात. या योगायोगावर स्वतंत्र ग्रंथ होईल. तूर्त मोह आवरला आहे.) विभाजनाआधी त्याची दुसरी प्रत निघते, म्हणजे धागा झाला हातभर, आणि राहायची जागा जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी.

हा गुंता आवरते कंडेन्सिन नावाचे प्रथिन. तात्सुया हिरानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ते बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात ओळखले. संत्र्याला कोणी विचारले नाही, ही उपेक्षा नोंदवून ठेवतो. कड्यासारखे हे प्रथिन धागा पकडते आणि ओढून ओढून त्याचा फास वाढवत नेते. २०१८ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या कंडेन्सिनचा एकेक रेणू हे करताना प्रत्यक्ष दिसला. वेग सेकंदाला डीएनएच्या दीड हजार बेस-जोड्यांपर्यंत. मध्येच दोन धागे अडकले, तर टोपोआयसोमरेज नावाचे विकर एक कापते, दुसरा त्यातून पार काढते आणि पहिला पुन्हा सांधते. सुतळीवर हा प्रयोग करू नये.

एवढे होऊनही जुळ्या प्रती सुटत नाहीत, कारण कोहेसिनच्या कड्यांनी त्या एकत्र धरलेल्या असतात. ही कडी तोडायची कात्री म्हणजे सेपरेज. पण तिला सिक्युरिन नावाचे प्रथिन आवळून बसलेले. गावातल्या वाटणीत एक काका असतात, सगळे वारस आल्याखेरीज कागदावर सही होऊ देत नाहीत, तसे हे सिक्युरिन. अठराच्या अठरा जोड्यांना पेशीच्या दोन्ही टोकांकडचे ओढणारे दोर लागले की पेशीच सिक्युरिनचा निकाल लावते, कात्री मोकळी होते आणि प्रती दोन टोकांना ओढल्या जातात. सगळे तासा-दोन तासांत. इकडे तेवढ्यात मोजणीवालाही येत नाही.

एक आक्षेप उरतो: वर डोळ्याची नक्कल आली, पण खुंट तरी बीपासूनच ना? तर जंबेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे उगवतात, आणि त्यांतली बहुतेक परागाशी संबंध नसलेली, आईच्याच पेशी दुभंगून झालेली असतात. म्हणजे वरचे झाड नक्कल आणि खालचा खुंटही नक्कल. मधमाशी मात्र दर बहाराला बागेत राबते, आणि वंशावळीत तिच्या कष्टाची नोंद जवळजवळ नाही. तिने दाद कुठे मागावी, हे ठरवणे प्रस्तुत लेखकाच्या अधिकाराबाहेरचे आहे.