रिकामं खोगीर

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी नाशिक रस्त्यावर मोशी ओलांडून, चाकणच्या बऱ्याच अलीकडे, एका लांबलचक ट्रेलरच्या मागे उभा होतो. म्हणजे बसलो होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाय क्लचवर, आणि डाव्या बाजूची चहाची टपरी पंधरा मिनिटं झाली तरी डाव्याच बाजूला.

"काका, रिटायर झालात, आता काहीतरी वेगळं करा," पुतण्या म्हणाला. तो स्टुटगार्टला असतो. तिथं बसलेल्या माणसाला चिंचवडच्या माणसानं काय करावं हे फार स्पष्ट दिसतं. "आठ दिवस घोड्यावरून. समुद्राच्या कडेकडेनं, सातशे वर्षांच्या जुन्या वाटेवर. माहिती पाठवलीय, बघा."

मी 'बरं' म्हणणार तेवढ्यात गाडीच्या काचेशेजारून एक तट्टू गेलं. पाठीवर गोधडी, पातेली, तीन कोंबड्या आणि सगळ्यांत वर एक लेकरू, मातीच्या ढिगावर बसावं इतक्या निवांतपणे. शेजारून एक बाई कासरा धरून चालत होती आणि मागे मेंढ्यांचा लोंढा. दिवाळी होऊन गेली होती आणि धनगरांचा वाडा कोकणाच्या दिशेनं निघाला होता. माझ्या बॉनेटखाली शंभराच्या आसपास घोडे आहेत असं गाडीच्या कागदपत्रांत लिहिलंय. ते शंभर जागच्या जागी फुरफुरत राहिले आणि एक घोडं, तीन कोंबड्यांसह, पुढे निघून गेलं.

पुतण्यानं पाठवलेली वाट स्पेनच्या मिनोर्का बेटावरची. 'कामी दे कावाय्स', म्हणजे घोड्यांची वाट. भूमध्य समुद्रातलं हे छोटं बेट, त्याच्या काठाकाठानं सबंध फेरी मारणारी १८५ किलोमीटरची पायवाट. चौदाव्या शतकापासून तिचे दाखले मिळतात. समुद्रातून शत्रू येतोय का हे बघत घोडेस्वारांनी गस्त घालायची, हा तिचा मूळ उद्देश. पुढे चाचे संपले, पहारे संपले, वाट शेताबांधांत अडकून बंद पडली, आणि २०१० साली पुन्हा सलग खुली झाली. आता तिथं लोक पैसे देऊन गस्त घालतात. रोज पंचवीस-तीस किलोमीटर, संध्याकाळी मुक्काम, ऑलिव्ह वगैरे.

रोज पंचवीस-तीस किलोमीटर. हा आकडा वाचून मी थांबलो. चिंचवड ते चाकण साधारण तेवढंच आहे. भोसरी, मोशी, कुरुळी करत मी ते अंतर तीस वर्षं रोज दोनदा कापलं आणि एकाही माणसानं मला संध्याकाळी ऑलिव्ह दिलं नाही.

घोड्याशी माझा संबंध तसा जन्माचा, पण कागदोपत्री. इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी केली. नवीन इंजिन टेस्ट बेडवर चढवायचं, डायनोला जोडायचं आणि ते किती अश्वशक्ती देतं ते नोंदवायचं. ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की झाली एक मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७३५ वॉट. ही कल्पना रूढ केली जेम्स वॉटनं. त्याला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकाकडे घोडे होते, तेव्हा 'तुमच्या किती घोड्यांचं काम हे करील' हे सांगणं भागच होतं. खरा घोडा क्षणभर जोर लावतो तेव्हा यापेक्षा कितीतरी जास्त ताकद देतो, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी आयुष्यात काही लाख घोडे मोजून पास केले होते. त्यांतल्या एकालाही हरभरा लागला नाही, आणि मी एकावरही बसलो नव्हतो.

अगदीच नाही असं नाही. चेतकवर बसलो. राणा प्रतापाच्या नव्हे, आकुर्डीच्या. १९७२ पासून आमच्या गावातून जे चेतक देशभर उधळले, त्यांतला एक निळा आमच्याकडे होता. पुढे मुलगा उभा, मागे मुलगी आणि तिच्यामागे आडवी बसलेली ही, मांडीवर मंडईची पिशवी. हळदीघाटीच्या चेतकानं एकच स्वार वाहिला, त्याचं केवढं नाव झालं! आता तो चेतक विजेवर धावतो आणि शेजारून जाताना कळतही नाही. खिंकाळी गेली की घोड्याचं काय उरतं, हा आमच्या पिढीचा प्रश्न. नवी पिढी चार्जर शोधत असते.

शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे लोक असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. हे शाळेत पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो पार्किंगमध्ये. साहेबांना कंपनीची गाडी, ते बारगीर. मी हप्त्यावर घेतलेली माझी, मी शिलेदार. इतिहासात शिलेदाराचा तोरा मोठा असेल, पण पेट्रोल शिलेदारालाच भरावं लागतं. उरलेलं पायदळ कंपनीच्या बसनं येई आणि बसमध्ये झोपून घेई. तिघांत सुखी तेच.

तर पुतण्याची माहिती मी हिला दाखवली. तिनं आधी खर्चाचा आकडा पाहिला, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "घोड्याला विचारलंय का?"

मिनोर्का बारगळलं. पण डोक्यात घोडा शिरला होता. मनात आलं, समुद्राची कड आपल्याकडे काय कमी आहे? अलिबागपासून खाली निघावं, चौल, मुरूड, दिवेआगर करत दाभोळपर्यंत जावं. जुनेपणातही आपण मिनोर्काला ऐकणार नाही. कल्याण, सोपारा ही बंदरं ग्रीक खलाशांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होती. आणि घोडा तर आपल्याकडे समुद्रातूनच यायचा. चांगला घोडा म्हणजे अरबी घोडा, तो गलबतात उभा राहून यायचा. मार्को पोलो तेराव्या शतकातल्या ठाण्याबद्दल लिहितो, की तिथल्या राजाचा चाच्यांशी करारच होता. लुटीतला बाकीचा माल तुमचा, घोडे तेवढे आमचे. परचेस खात्यात मी बरेच करार पाहिले, पण इतका सुटसुटीत एकही नाही.

नकाशा पसरला आणि घोडं अडलं. कोकणचा किनारा सलग नाही. दर काही मैलांवर खाडी, खाडीवर जंगलजेटी. दिघीच्या, वेसवीच्या फेरीबोटीत चढायचं. घोड्याचं तिकीट दुचाकीत धरणार की चारचाकीत? पाय मोजले तर चारचाकी, सीट मोजली तर दुचाकी. या मुद्द्यावर फेरीबोटीच्या खिडकीशी हुज्जत घालतानाचं माझं चित्र मला फार स्पष्ट दिसलं. मागे रांगेत हॉर्न.

तरी हौस म्हणून आमच्या भागाच्या कडेला एका ठिकाणी घोडेस्वारी शिकायला नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीहून लहान. रिकिबीत पाय कसा, लगाम कसा, मांड कशी पक्की करायची, सगळं तिनं नीट समजावलं. घोडी चालायला लागली तसा माझा डावा पाय काहीतरी चाचपू लागला. "काका, क्लच शोधू नका," ती म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात दुडकी चाल आली. दुडकी म्हणजे काय हे लिहून सांगता येत नाही. मणक्याच्या प्रत्येक मण्याची स्वतंत्र हजेरी घेतली जाते एवढंच म्हणतो. व्हायब्रेशनची चाचणी मी आयुष्यभर घेतली, पण नमुन्याच्या जागी कधी नव्हतो.

एवढ्या भांडवलावर आम्ही नागावला गेलो. आठ दिवसांचा बेत होता, हिच्याशी वाटाघाटी होऊन तो एका सकाळवर आला होता. किनाऱ्यावर घोडेवाला होता, बादल नावाचा पांढरा घोडा होता, ओहोटी होती. मी म्हटलं, लांबवर रपेट मारायची, तासाचे पैसे देतो. निघालो. दोनशे पावलं झकास. समुद्र उजव्या हाताला, वारा, खाली ओली वाळू. क्षणभर मी मिनोर्काची गस्त घालत होतो. मग एक बांबू रोवलेला आला आणि बादल थांबला. टाच दिली, चुचकारलं, घोडेवाल्यानं दोर ओढला. नाही. रोज या बांबूपर्यंत जायचं आणि वळायचं, ही त्याची नोकरी. पुढचा समुद्र त्याच्या कामाच्या यादीत नव्हता. तीस वर्षं एकाच गेटमधून आत गेलेला मी, मला त्याचा राग येईना.

शेवटी मी उतरलो आणि दोर हातात घेऊन चालू लागलो, तर पठ्ठ्या बांबू ओलांडून निमूट शेजारी चालू लागला! अर्धा-पाऊण तास आम्ही तसेच गेलो, मी पायी, तो पायी, खोगीर रिकामं. मध्येच तो थांबून समुद्राकडे बघे, मीही बघे. नाकातून फुर्र करी. परत आल्यावर घोडेवाला काळजीनं म्हणाला, "काका, बसला नाहीत तरी पैसे तासाचे पूर्ण होतील." मी म्हटलं, "होऊ देत की."

तेव्हापासून एक खूळ लागलंय. रिकाम्या पाठीचा घोडा कुठं कुठं आहे ते आठवत बसतो. नाणेघाटात गेलात तर कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या त्या खिंडीत सातवाहनांच्या नागणिकेचा ब्राह्मी लेख आहे. बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. समुद्राकडून देशावर येणारी खरी जुनी वाट ती. लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची मोठी यादी आहे, हजारांनी गाई, हत्ती, घोडे, आणि त्यात अश्वमेधही. अश्वमेधाचा घोडा म्हणजे ज्यावर कुणी बसायचं नाही असा घोडा. तो मनाला येईल तिकडे जाणार आणि राजाची फौज त्याच्या मागे चालणार. वर्षभराची सहल, तीही मार्ग घोड्यानं ठरवलेली. माझ्यासारख्या नियोजन खात्याशी भांडत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून गलबलून आलं.

आणि ते धनगरांचं तट्टू. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा मराठ्यांच्या घोडदळात अटकेच्या बाजूपर्यंत धावला असं आपण अभिमानानं सांगतो. अलीकडे देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची रीतसर नोंदही झाली. पण फौजा गेल्यानंतरच्या दोनशे वर्षांत ही जात टिकवली ती मेंढपाळांनी, आणि ते त्यावर क्वचितच बसतात. घोड्यावर संसार, कोकरू, पोर. मोठी माणसं पायी. पावसाळा सरला की देशावरून घाट उतरून कोकणात, पाऊस जवळ आला की परत. आठ दिवस नव्हे, सात-आठ महिने. मिनोर्काची जाहिरात ज्याला 'अविस्मरणीय अनुभव' म्हणते तो हे लोक दरसाल घेतात, आणि चाकण चौकात त्यांच्यावर हॉर्न वाजवला जातो.

चाकण चौकाचं एक बाकी आहे, तिथं अडकण्याला परंपरा आहे. १६६० साली शाइस्तेखान याच गावी येऊन थांबला. फिरंगोजी नरसाळ्यानं एवढ्याशा संग्रामदुर्गावरून त्याला पन्नासहून जास्त दिवस खोळंबवलं. आमचं त्या मानानं लवकर सुटतं.

पण रिकाम्या पाठीचा सगळ्यांत थोर घोडा आमच्या अगदी शेजारी येतो. बेळगाव जिल्ह्यात कृष्णाकाठी अंकली आहे. तिथल्या शितोळे सरकारांचे दोन घोडे दर वर्षी ज्येष्ठात निघतात आणि दहा-अकरा दिवस चालत आळंदीला येतात. हैबतबाबा आरफळकरांनी पालखीला आजचं रूप दिलं तेव्हापासूनचा हा मान. एका घोड्यावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी नसतं; तो माऊलींचा. मग आळंदीहून पंढरपूरपर्यंत तसाच रिकामा चालतो, आणि रिंगणात रिकामाच धावतो. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

यंदा मी प्रस्थानाला गेलो होतो. पुतण्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्या गर्दीत मागे टाळ, पुढे कुणाचं तरी डोकं, आणि डोक्यांच्या वर घोड्याचे फक्त कान. "काका, दिसत नाहीये नीट," तो म्हणाला. "आणि वर बसलंय कोण?"

मी काही सांगेपर्यंत रेंज गेली.

प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं. चाकणकडून येणार असाल तर गाडी लांबच लावून ठेवा; शेवटचे काही किलोमीटर चालतच जावं लागतं.