वगाचं अनेकवचन

रिकामटेकड्या माणसाने गल्लीतल्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवू नये, असा कायदा अजून झालेला नाही. या पळवाटेचा फायदा घेऊन मी यंदा मे महिन्यात नंदुरबारातल्या आमच्या ओट्यावर वर्ग उघडला. माझी पात्रता म्हणाल, तर आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली), पण तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मी तडीस नेली होती आणि पुढे बँकेत जन्मभर ‘विथ रेफरन्स टू’ने सुरू होणारी पत्रं लिहिली होती. त्यातल्या बऱ्याच पत्रांना उत्तरं आली नाहीत, हा भाग वेगळा.

पहिला धडा अनेकवचनाचा घेतला. आमच्या जिल्ह्याला त्याचा अनुभव आहेच. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचं अनेकवचन झालं, तेव्हाच तर नंदुरबार जिल्हा जन्माला आला. फळ्यावर नियम लिहिले: शेवटी ‘एस’ लावा. ‘सीएच’, ‘एसएच’, ‘एक्स’ असेल तर ‘ईएस’. ‘वाय’ काढून ‘आयईएस’. ‘एफ’ काढून ‘व्हीईएस’. अपवाद रंगीत खडूने. पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

वर्गाआधी ही पोरं ‘बॉईज’ नीट म्हणत आणि लिहीतही. वर्गानंतर एकाने ‘वाय’ खोडून ‘आयईएस’ चिकटवलं. दुसऱ्याने छपरांचं ‘रूव्ह्ज’ केलं. जे येत होतं ते मी मेहनतीने घालवलं होतं.

त्यात भाचीची मुलगी चिमी सुरतेहून सुट्टीला आली. वय वर्षं चार. नाक आणि तोंड दोन्ही अखंड वाहतं. गल्लीतल्या कुत्र्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, “डॉग्झ!” मी तिथेच थांबवलं.

“डॉग्स. सशातला स.”

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. “आजोबा, तुम्ही डॉक्स म्हणताय.”

रात्री पुस्तक काढलं आणि माझ्या ‘स’चं दिवाळं निघालं. लिहिताना एकच ‘एस’, पण बोलताना आवाज तीन: कॅटला ‘स’, डॉगला ‘झ’ आणि बसला ‘इझ’. कुठे कुठला, ते आधीचा आवाज ठरवतो. ‘ट’ म्हणताना कंठ स्वस्थ असतो, ‘ग’ म्हणताना थरथरतो. आणि तो थरथरला की मागून येणारा ‘स’ही थरथरून ‘झ’ होतो. खात्री करायला मी अंधारात गळ्यावर दोन बोटं ठेवून ‘ट् ट् ट्, ग् ग् ग्’ करत बसलो. घरात वर्षाचं तिखट करण्याचे दिवस. बायकोला वाटलं, ठसका लागला. हळदीचं दूध आलं. ते पिताना मला आठवलं, की बँकेत साहेबांसमोर मी सगळ्या ‘बिल्स’ आणि ‘लोन्स’ना सशातलाच स लावत आलो होतो.

मग चार वर्षांच्या पोरीला हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. जीन बेर्को नावाच्या अमेरिकन बाईंनी नेमकं हेच तपासून १९५८ साली छापलं. पोरं ऐकलेलं घोकत असतील, अशी शंका येऊ नये म्हणून त्यांनी कोणीच ऐकला नसेल असा शब्द घडवला: वग. एक गोलमटोल पक्षी. हा एक वग. आता दोन आहेत. म्हणजे दोन...? चार ते सात वर्षांची बहुतेक पोरं ‘वग्झ’ म्हणाली. आपल्याकडची लहानगी ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात, ते याच जातीचं. ‘करलं’ घरात कोणीच बोलत नाही. धरलं, भरलं, मारलं ऐकून पोराने स्वतः काढलेला हिशेब असतो तो. आपण त्याला चूक म्हणतो आणि फोनवरून मामाला ऐकवतो.

इतकं कळल्यावर शहाणा माणूस वर्ग बंद करता. मी प्रयोग करायला घेतला. पक्षी स्वतः काढला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि ओट्यावर उभा केला.

“आजोबा, बटाटाले चोच काबर शे?” पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

“बटाटा नाही, वग आहे.”

समोरच्या ओट्यावरून तमाशाचे जुने शौकीन नाना ओरडले, “वग? गण-गवळण झाली का आधी?”

बेर्कोबाईंना नाना नव्हते. आणखी एक सोय त्यांना होती: त्यांच्या पक्ष्याला लिंग नव्हतं. आमच्या पोरांनी आधी विचारलं, तो वग का ती वग? मराठीत हे मिटल्याशिवाय एकाचे दोन होत नाहीत. शर्ट तो, म्हणून दोन शर्ट. तिकीट ते, म्हणून तिकिटं. बॅग ती, म्हणून बॅगा. फाईलही तीच, पण फायली. हे मी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना चोख येत होतं. ‘तो’वाल्यांनी ‘दोन वग’ केले, ‘ती’वाल्यांनी ‘दोन वगा’, आणि “पिल्लू आहे ते,” म्हणणाऱ्या एकीने ‘वगं’. मारामारी होणार, तोच मागून एक जण म्हणाला, “वगेसले दाना टाका.”

माझे कान टवकारले. लोकेसले, पोरेसले, वगेसले! अहिराणीत अनेकवचनापुढे प्रत्यय लागला की मध्ये ‘स’ येऊन बसतो. म्हणजे इंग्रजांचा ‘एस’ आमच्या तापीकाठी आधीच मुक्कामाला! मी वहीत प्रबंधाचं शीर्षक लिहून टाकलं. प्रबंध शीर्षकापाशीच थांबला आहे, कारण धडगावकडचा एक पावरा मुलगा (घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी) शांतपणे म्हणाला, “मग इंग्रज पुढचा ‘ले’ का लावत नाहीत?” उत्तराऐवजी मी त्याला खडू आणायला पाठवलं. तो खडू घेऊन आला आणि दुसरा प्रश्नही. “एसटीत कंडक्टर म्हणतो, ‘एक लेडीज उतरू द्या.’ तुम्ही तर लेडीज म्हणजे पुष्कळ सांगितलं.” इथे मला गप्पच बसणं भाग होतं. सकाळीच मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो होतो, “माझा एक शूज कुठे गेला?”

या सगळ्या गदारोळात चिमी मान वर न करता ‘वग्झ’ म्हणून गेली होती. तिला कुठेतरी अडवायचंच, म्हणून मी बेर्कोबाईंचा दुसरा शब्द काढला. एक टॅस, दोन...? “दोन टॅस,” चिमी म्हणाली. ‘इझ’ गायब! मी मांडीवर थाप मारली. पुढचं पान वाचलं, तर बाईंच्याही मुलांचं हेच झालेलं. ओळखीच्या ग्लासचं ‘ग्लासेस’ ९१ टक्के मुलांनी केलं, टॅसला मात्र ३६ टक्केच टिकली. शेवटी आधीच ‘स’ ऐकू आला, की अनेकवचन झालंच असं पोरांच्या कानाला वाटत असावं. म्हणजे इथेही चिमी चुकली नव्हती. वयाप्रमाणे चालली होती.

माझ्या हातात आता एकच हुकूम उरला होता. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून धावत आली.

“आजोबा, आत माउसेस!”

“माउसेस नाही, चिमे. माईस.”

“हो, माईस.”

“शाब्बास. आता पूर्ण वाक्य म्हण.”

“आत दोन माईसेस आहेत.”

“माईसेस नाही गं, माईस!”

“तेच म्हणतेय ना मी. माईसेस!”

आतून डबे पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकोचा. “अहो, त्यांची नावं नंतर ठेवा, आधी माळ्यावरून पिंजरा काढा. आणि तिखटाच्या बरणीला झाकण कोणी लावलं नाही?”