घरातले दोन चिरंजीव
(लहान मुलांना पाळीव प्राणी आणून देऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी अनुभवसिद्ध मार्गदर्शिका)

लग्नपत्रिकेत आणि मुंजीच्या निमंत्रणात मुलाच्या नावाआधी 'चि.' लावायची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या घरात हे उपपद दोघांना लागू होतं. एक चिरंजीव वीस वर्षांचे असून सध्या परगावी इंजिनिअरिंग शिकतात. दुसरे मोरीशेजारच्या चार फुटी टाकीत असतात आणि शब्दशः चिरंजीव निघण्याची चिन्हं आहेत. पहिल्यांच्या हट्टापायी 2012 साली दुसरे घरात आले. पहिले गेले, दुसरे राहिले. या अनुभवाच्या बळावर प्रस्तुत लेखक पालकांना मार्गदर्शन करण्यास स्वतःला पात्र समजतो.

पहिली पायरी कारणाची. प्राणी का आणायचा याचं एक भारदस्त कारण तयार ठेवावं, कारण सासूबाई विचारतात. 'मुलाला जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून' हे कारण सर्वत्र चालतं. पोहण्याचा क्लास असतो, अबॅकसचा असतो, सुंदर हस्ताक्षराचाही असतो. जबाबदारीचा क्लास मात्र अजून आमच्या गल्लीत निघालेला नाही. तेव्हा या विषयासाठी घरीच शिक्षक नेमायचा. हा शिक्षक पगार मागत नाही, सुट्टी घेत नाही आणि पालकसभा बोलावत नाही. विद्यार्थी तीन आठवड्यांत वर्ग सोडून जातो. मग रिकाम्या वर्गात शिक्षकाला जेवायला कोण घालणार, एवढा एकच मुद्दा अभ्यासक्रमात राहून गेलेला असतो.

दुसरी पायरी गणिताची. मुलाच्या वयात प्राण्याचं आयुष्य मिळवावं. कुत्रा 10 ते 13 वर्षं जगतो, घरात राहणारं मांजर 15 वर्षं सहज काढतं, नीट सांभाळलेला ससा 8 ते 10. मूल सात वर्षांचं आणि कुत्रा बारा वर्षांचा धरला, तर उत्तर येतं 19. एकोणिसाव्या वर्षी सकाळी साडेसहाला आपला मुलगा कुठे असेल, याचं चित्र डोळ्यांपुढे आणावं. तो अंथरुणात असेल आणि ते अंथरूण दुसऱ्या गावी असेल. आता त्याच वेळी दाराशी पट्टा तोंडात धरून कुत्रा उभा आहे असं समजावं आणि समोर चप्पल कोण घालतंय ते पाहावं. ओळखीचा चेहरा दिसला की गणित बरोबर आलं.

आमचं गणित चुकलं, कारण ते आम्ही दुकानदाराकडून सोडवून घेतलं. प्लास्टिकचं भांडं, त्याच्या मधोमध प्लास्टिकचं बेट, बेटावर प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि झाडाखाली रुपयाच्या नाण्याएवढं हिरवंगार कासव. डोळ्यामागे कुंकवाचं बोट ओढावं तशी लाल रेघ. 'एवढंच राहतं हो हे,' दुकानदार म्हणाला. 'हे सुके झिंगे चिमूटभर टाकायचे, महिन्यातून एकदा पाणी बदलायचं, झालं.' चिरंजीवांनी तिथल्या तिथे त्याचं दगडू असं नामकरण केलं. सौ. म्हणाली, 'कुत्र्यापेक्षा बरं. भुंकत नाही, केस गळत नाहीत.' मी म्हणालो, 'शिवाय घरात कासव शुभ असतं.'

या शुभाचा खुलासा इथेच करतो. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर जे कासव असतं ते दगडाचं असतं. त्याचं पाणी बदलावं लागत नाही. ज्यांना वास्तूसाठी किंवा लक्ष्मीसाठी कासव हवं आहे, त्यांनी पितळेचं घ्यावं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपल्याकडचं स्टार कासव तर चुकूनही घरात आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली तो गुन्हा आहे, आणि तुरुंगाच्या दारावर लक्ष्मीची पावलं काढत नाहीत.

दगडू मूळचा अमेरिकेतला, मिसिसिपीच्या खोऱ्याकडचा. त्याच्या जातीला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. तो 'एवढाच' राहत नाही. पहिल्या वर्षअखेरीस नारळाचं झाड त्याच्या पाठीवर आलं. पुढे भांड्याची बादली झाली, बादलीचा टब झाला, टबाची टाकी झाली. या जातीची मादी फूटभर लांबीपर्यंत वाढू शकते आणि वीस-तीस वर्षं जगणं हे तिच्या लेखी काही विशेष नाही. महिन्यातून एकदा पाणी बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने कासव कधी जेवताना पाहिलेलं नसावं. ते पाण्यातच खातं, पाण्याशिवाय घास गिळू शकत नाही, आणि जिथे जेवतं तिथेच बाकीचं सर्व काही उरकतं. चांगला फिल्टर लावूनही आठवड्याला पाणी काढणं आणि टाकी घासणं चुकत नाही.

नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवणं म्हणजे मुलाला रोज तीन वेळा कुरडया तळून घालण्यासारखं आहे. त्याला पालेभाजी लागते, तयार खाद्य लागतं. पिल्लू असताना मांसाहार जास्त आणि वय वाढेल तसा पाला जास्त, असा आपल्याकडच्या बऱ्याच काकांसारखाच त्याचा प्रवास असतो. पाण्याबाहेर चढून बसायला कोरडी जागा हवी, तिथे उबेचा दिवा हवा आणि यूव्हीबी दिवाही हवा. 'आमच्या गॅलरीत भरपूर ऊन येतं' असं आम्हीही म्हणालो होतो. काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच. ते नसले की कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. दुसऱ्या वर्षी दगडूची कडा बोटाने दाबली की लवायला लागली, तेव्हा आम्ही डॉक्टर शोधायला निघालो. एकाकडे कुत्री-मांजरंच बघतात, दुसऱ्याकडे गाई-म्हशी. तिसऱ्याने दगडूला हातात घेऊन आम्हालाच विचारलं, 'हे काय खातं?' कासव बघणारा डॉक्टर चौथ्या फेरीत सापडला. तेव्हा ही पायरी आम्ही घेतली त्याच्या बरोबर उलट क्रमाने घ्यावी: आधी डॉक्टर, मग दिवा, मग टाकी आणि सर्वांत शेवटी, अजूनही इच्छा उरलीच असेल तर, कासव.

त्याच डॉक्टरांनी चिरंजीवांची एक समजूत दूर केली. कवच हे कासवाचं घर असून ते कंटाळलं की त्यातून बाहेर येऊ शकतं, असं कार्टूनच्या आधारे त्यांचं मत होतं. प्रत्यक्षात कवच म्हणजे त्याचा कणा आणि फासळ्याच. त्यावर बोट फिरवलेलं त्याला कळतं. हे ऐकल्यावर चिरंजीवांनी त्याच्या पाठीवर स्केचपेनने 'एमएच-12' असा नंबर टाकायचा बेत सोडून दिला. माझ्या मते संपूर्ण जबाबदारी-प्रकल्पातली ही एकमेव नोंद घेण्याजोगी प्रगती.

आणखी एक गोष्ट आहे, ती विनोदाने सांगता येत नाही म्हणून सरळ सांगतो. ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत 1975 सालापासून चार इंचांहून लहान पाठीची कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. पोरं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात कासव देऊच नये. मोठ्यांनी हात लावला की साबणाने धुवावेत आणि टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीही घासू नये. आमच्याकडे या कामासाठी मोरीत स्वतंत्र घासणी आहे, तिला लाल सुतळी बांधलेली आहे, आणि ती चुकून भांड्यांच्या घासण्यांत गेली त्या दिवशी घरात जे झालं ते या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचं आहे.

सहाव्या वर्षी दगडूने खाणं सोडलं, रात्रभर टाकीच्या काचेवर नखं घासली आणि तिसऱ्या दिवशी अंडी दिली. नर आकाराने लहान असतो आणि त्याच्या पुढच्या पायांची नखं चांगली लांब असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. अंडी द्यायला नर जवळ असावाच लागतो असं नाही, कोंबडीसारखंच. माती मात्र लागते. ती मिळाली नाही तर अंडी आतच अडकून जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून आमच्या न्हाणीघरात घमेलंभर ओलसर माती असते आणि दगडूला सगळे दगडाबाई म्हणतात. चिरंजीव त्या वेळी नववीच्या तयारीत होते. त्यांनी दारातूनच विचारलं, 'ऑम्लेट होतं का त्याचं?'

'तळ्यात सोडून या, पुण्य लागेल,' असं सांगणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं ऐकू नये. हे परदेशी कासव आपल्या तळ्यात उतरलं की तिथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायचे धोंडे दोन्ही बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा 100 आगंतुक जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणजे पुण्य आपल्याला आणि उपासमार तिथल्यांना.

इतर प्राण्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचा अनुभव मी उसना घेतलेला आहे. देशी पोपट पाळता येत नाही. 'आमच्या आजोळी होता' हा कोर्टात बचाव होत नाही. आपल्याकडचा हिरवा राघूही त्याच 1972 च्या कायद्यात येतो. 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते बहुधा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात; ते कायद्याला चालतात, पण पिंजरा स्वयंपाकघराजवळ टांगू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात. गोल्डफिशला पोट, म्हणजे जठर, नसतंच. त्यामुळे भूक लागली असेल म्हणून दर तासाला चिमूट टाकणारं मूल प्रेमाने पाणी नासवत असतं. ससे 'दोन्ही माद्याच आहेत' या हमीवर जोडीने मिळतात आणि महिन्याभरात हमीचा निकाल लागतो. गाजर हा त्यांचा खाऊ आहे, जेवण नव्हे. दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे त्यांना सतत चघळायला वाळकं गवत लागतं. सशाला कानाला धरून उचलणारा जादूगार मुलाला दाखवू नये.

कुत्र्याचा विषय मोठा आहे आणि कुत्रेवाल्यांसमोर छोटा करून बोलणं धोक्याचं आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा 'डोळे नुकतेच उघडलेत, आत्ताच न्या, लळा लागतो' म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. लशी वेळेवर, रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, भज्यातला कांदाही आणि चॉकलेटही. म्हणजे लहान मूल प्रेमापोटी टेबलाखालून जे जे सरकवतं ते जवळजवळ सगळं. कुत्रा जेवताना त्याच्याजवळ लहान मुलाला जाऊ देऊ नये आणि दोघांना एका खोलीत एकटं सोडू नये, मग तो कितीही 'आमचा काही करत नाही' असला तरी. लिफ्टबद्दल सेक्रेटरी भांडायला आले तर सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलेलं आहे, हे नम्रपणे सांगावं. नंतर लिफ्ट पुसून घ्यावी.

आता निवड परीक्षा. ही खरं म्हणजे पहिली पायरी. पण मला ती तेरा वर्षांनी सुचली, त्यामुळे इथे आली आहे. मुलाला मातीचं एक परळ आणून द्यावं आणि ते गॅलरीत चिमण्यांसाठी रोज सकाळी त्यानेच भरावं. शिळं पाणी ओतायचं, परळ घासायचं, ताजं भरायचं. नुसती भर घालायची नाही, नाहीतर त्यात डासांची शाळा भरते. मुदत तीस दिवस. आठवण करून द्यायची नाही, गपचूप भरून ठेवायचं नाही आणि पावसाळा-परीक्षा-पाहुणे या सबबी धरायच्या नाहीत. खर्च चाळीस रुपये. नापास झालं तर कुणाचा जीव जात नाही.

खालच्या मजल्यावरची सहा वर्षांची कन्या गेल्या महिन्यात दगडाबाईला बघायला आली आणि हलेचना. दुसऱ्या दिवशी तिचे वडील वर आले. 'काका, असलं कासव कुठे मिळतं? हिला जबाबदारी कळेल जरा.' मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि उत्तर दिलं नाही. माझं वय आता 51 आहे. दगडाबाई तेरा वर्षांची आहे. दुसऱ्या पायरीवरचं गणित मी अलीकडे रात्री झोप लागेपर्यंत स्वतःसाठी मांडत असतो आणि दर वेळी शेवटच्या ओळीत टाकी घासायला माणूस कमी पडतो. चिरंजीवांना फोनवर हळूच विचारून पाहिलं. ते म्हणाले, 'बाबा, होस्टेलला इंडक्शनसुद्धा चालत नाही.'

कन्येला मी परळ दिलं. ते आमच्याच गॅलरीत ठेवलंय, म्हणजे तिच्या आईला गपचूप भरता येणार नाही. शाळेच्या बसआधी येते, बेल वाजवते, काम करून जाते. बोलत नाही फारसं. काल तेविसावा दिवस. रात्रभर धो धो पाऊस झाला होता आणि परळ काठोकाठ भरलेलं होतं. म्हटलं, आज काही ही यायची नाही. आली. रेनकोट घालून आली, परळातलं पावसाचं पाणी ओतलं, बोटांनी कडा घासल्या, आपल्या बाटलीतलं पाणी घातलं आणि जाता जाता टाकीपाशी थांबून म्हणाली, 'हिची काच पण घाण झालीय.'

मी तिला लाल सुतळीची घासणी कुठे असते ते दाखवलं. तिच्या वडिलांना अजून काही बोललेलो नाही.