एकशे दोनावं पिल्लू कसं आणावं

पहिला चित्रपट चालला की निर्मात्याला दुसऱ्याचे डोहाळे लागतात. तो पोराबाळांसकट बघायचा, कुत्र्यामांजरांचा असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. डिस्नेनं २००० साली ‘१०२ डाल्मेशियन्स’ काढून सगळा विधी घालून दिलेला आहे. होतकरूंनी तो डोळे मिटून करावा.

आधी बेरीज. डोडी स्मिथ यांच्या १९५६च्या कादंबरीपासून १९९६च्या चित्रपटापर्यंत कुत्री एकशे एक होती. एक वाढवावं, नाव तयार. कथा नंतर शिंप्याकडे मागावी. इथे खलनायिका क्रुएला डी व्हिल बाईंना पिल्लांच्या कातड्याच्या ठिपकेदार कोटाला टोपडंही हवं असतं, म्हणजे कातडं जास्त लागणार. ब्लाउजपीस कमी पडल्यानं ज्यांच्या घरी महाभारत घडलं आहे, त्यांना हे कथाबीज क्षुल्लक वाटणार नाही.

बाई मात्र तुरुंगात असतात. त्यांना सुधारून सोडावं. डॉ. पाव्हलॉव्ह नामक गृहस्थ उपचार करतात, बाई कुत्र्यांवर माया करू लागतात आणि स्वतःला ‘एला’ म्हणवून घेतात. हे प्रकरण चटकन आवरावं. सुधारलेली बाई बघायला कुणी तिकीट काढत नाही. बिग बेनचे टोल पडले की उपचार उतरतो, केस ताठ उभे राहतात आणि बाईंना जिकडे-तिकडे ठिपके दिसू लागतात. नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण या चित्रपटात कुत्री सोडून इतरांना लागू आहे.

आता पैसा. तो नायक-नायिकेवर उधळू नये. केविन कुत्र्यांचा आश्रम चालवतो, क्लोई ही बाईंवर देखरेख ठेवणारी सरकारी अधिकारी; दोघं सालस आहेत, झालं. सगळी थैली बाईंच्या कपाटात रिकामी करावी. वेशभूषाकार अँथनी पॉवेल यांनी घडवलेल्या त्या पोशाखांना ऑस्करचं नामांकन मिळालं. (क्रुएला साकारणाऱ्या ग्लेन क्लोजबाईंनी पहिल्याच चित्रपटाच्या करारात पोशाख स्वतःकडे ठेवण्याची अट घालून घेतली होती. अभिनय शिकवणाऱ्या संस्थांनी हा धडा आधी घ्यावा.) जोडीला केसाळ कातड्यांचा फ्रेंच व्यापारी द्यावा, आणि फ्रेंचांची टर उडवायला खुद्द फ्रान्सचा जेरार्ड डेपार्द्यू आणावा. म्हणजे तक्रार करायला कोणी उरत नाही.

प्राण्यांपैकी एकाला तरी कसला ना कसला गंड असावा. वॅडल्सवर्थ हा पोपट स्वतःला रॉटवायलर समजतो, म्हणून उडत नाही. ऐन आणीबाणीत त्याला पंख आठवतात. त्याआधी आठवू देऊ नयेत. ऑडबॉल या पिल्लाच्या अंगावर ठिपकेच नाहीत. डाल्मेशियनची पिल्लं मुळात पांढरीच जन्मतात, ठिपके काही आठवड्यांत उमटतात. तेवढ्यात चित्रीकरण कुठलं उरकायला? तेव्हा संगणकावर बसून एकेका चौकटीतले ठिपके पुसावे लागले.

शेवट पॅरिसच्या बेकरीत करावा. बाईंना केकमध्ये भाजून काढावं, पण शिजू देऊ नये. पोरं बघत असतात. बाईंचे ऐंशी लाख पौंड सुटकेच्या अटीप्रमाणे कुत्र्यांच्या आश्रमाला जाऊ द्यावेत. मग ऑडबॉलच्या अंगावर ठिपके उमटवावेत, आणि पुसणाऱ्या मंडळींना त्या दिवशी लवकर घरी सोडावं.