स्वच्छ धुऊन घ्यावी

कोकणातल्या ज्या बुरोंडीत पावसाळा लागला की टाकळा, कुर्डू आणि भारंगी बांधावर फुकट उगवतात, त्या बुरोंडीत गणपतीला रात्रीच्या गाडीने उतरणारा चाकरमानी हल्ली पिशवीतून पालकाची जुडी आणतो, आणि ओटीवर तिचे स्वागत मोदकांच्या बरोबरीने होते. मुंबईत लोकलच्या रुळांलगत गटाराच्या पाण्यावर पोसलेल्या पालेभाजीत शिसे, कॅडमियम वगैरे जड धातू सापडल्याची बातमी अधूनमधून छापून येते, व तिच्या शेपटाशी जनहितार्थ सूचना असते: भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी.

या सूचनेपुढे मी नतमस्तक आहे. कॅडमियम पाण्यावाटे मुळांत, मुळांतून देठांत व देठांतून पानाच्या गाभ्यात शिरते आणि पुढे मनुष्याच्या मूत्रपिंडात १० ते ३० वर्षे मुक्काम ठोकते. अशा या चिवट धातूस मिठाच्या पाण्याने बेदखल करण्याचे फर्मान आमच्या काकीच्या नावे सुटले आहे. काकी आज्ञाधारक. तिने जुडी मिठाच्या पाण्यात बुचकळली, मग हळदीच्या, मग कोमट, मग पुन्हा विहिरीच्या, इतकी की पानांतला जीव गेला आणि पाणी हिरवे झाले. कॅडमियम मात्र सातबाऱ्यावर नाव चढलेल्या कब्जेदाराप्रमाणे जागचे हलले नाही. शेवटी ते सगळे धुवण तिने काटकसरीने परसातल्या अळवाला घातले, आणि सांडपाण्यावरील शेतीचा बुरोंडीत रीतसर शुभारंभ झाला!

जपानात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातात उतरले, खोकल्याच्या ठसक्यानेही बायकांची हाडे मोडू लागली, आणि त्याचे कारण सरकारदरबारी मान्य व्हायला १९६८ साल उजाडले. तांदूळ धुण्यात त्या बायकांनी काही कसूर केली होती काय? पालेभाजीत किलोमागे ०.३ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे असा दंडक आहे, पण तो काकीने कोणत्या तागडीत तोलावा? नाल्यात रात्री पिंपे रिकामी करणाऱ्यास 'आधी धुऊन सोड' असे कोणी का बजावत नाही? त्याला नोटीस, नोटिशीवर मुदत, मुदतीवर मुदतवाढ, सुनावणीस तारीख आणि तारखेस वकील. काकीला मात्र तत्काळ अंमलबजावणी, आणि तीही स्वखर्चाने, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याने!

मिठाचे प्रमाण सूचनेत दिलेले नाही, अशी काकीची तक्रार आहे. तेवढा खुलासा संबंधितांनी दिवाळीपूर्वी करावा, कारण चाकरमानी पुन्हा येणार आहे आणि या खेपेस फ्लॉवर आणतो म्हणाला आहे.