तूर्तास अखेरचं मृत्युपत्र

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी छंद लागतोच. कुणी हार्मोनियम शिकतो, कुणी गच्चीत मिरच्या लावतो. आमच्या सोसायटीतल्या अण्णांनी स्वतःची इस्टेट हाती घेतली. इस्टेट म्हणजे कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट, मुदत ठेवी, थोडे शेअर आणि चिपळूणजवळ सामाईक सातबाऱ्यावर अकरा गुंठे जमीन, एकवीस नावं आणि एक फणस. एवढ्यावर अण्णा गेली काही वर्षं मृत्युपत्र लिहीत आहेत. असे अण्णा प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडचे जरा जास्त लिहितात.

कायदा त्यांना तोंडपाठ आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925, कलम 63. कोरा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी केली तर बरी पण सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की काम झालं. आणि अनेक मृत्युपत्रं असली तर शेवटचं खरं. हे शेवटचं वाक्य अण्णांच्या कानावर पडलं नसतं, तर घरात शांतता नांदली असती.

थोरल्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस रजा काढली, त्याचा वाटा वाढला. धाकट्या सुनेच्या आमटीत गूळ नव्हता, त्याच आठवड्यात पुरवणी मृत्युपत्र निघालं. न्यू जर्सीच्या मुलीचा रविवारी फोन आला नाही की तिच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह उमटतं. फोन आला की खोडरबर. मसुदा टीव्हीखालच्या फायलीत असतो आणि फाईल मुद्दाम अर्धी उघडी असते. फॅमिली डॉक्टरांनी तर 'सदर गृहस्थ मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत' अशा दाखल्याच्या कोऱ्या प्रती काढून ठेवल्यात, तारीख तेवढी घालायची.

धाकटा एकदा बेसावधपणे म्हणाला, "अण्णा, सोसायटीत नॉमिनी मी आहे ना, मग कशाला एवढं?" झालं. ताटातला भात गार होईपर्यंत व्याख्यान चाललं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा! विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1983 सालीच सांगितलंय, शेअरच्या बाबतीत 2023 च्या डिसेंबरात! फ्लॅटपुरता मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पोराचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. पुढे नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या एका खात्याला चार नॉमिनी लावता येऊ लागले, तेही टक्केवारीसकट, तेव्हा अण्णांची दिवाळी लांबली. 37, 27, 21 आणि 15 असे आकडे टाकून ते बँकेत गेले. 15 टक्के कुणाला, ते अजून जाहीर झालेलं नाही.

साक्षीदार निवडणं हे वेगळंच प्रकरण. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर निदान एक साक्षीदार हयात असलेला बरा, म्हणून अण्णा सही मागण्याआधी तब्येत विचारतात. तळमजल्यावरचे जोशीबुवा "शुगर थोडी वाढलीय" म्हणाले आणि कायमचे बाद झाले. हल्ली अण्णांची नजर जिमला जाणाऱ्या पोरांवर असते.

मी त्यांना एकदा हिशेब करून दाखवला. एक ओळही न लिहिता गेलात, तरी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुमच्या कमाईचे काकू, दोन मुलगे आणि मुलगी असे सारखे चार वाटे होतील. मुलीलाही मुलग्याइतकाच. काकूंना राहतं घर पूर्ण मिळावं, एवढी एक गोष्ट तुम्हाला वेगळी करायची असेल तर एक पान पुरे. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "मग माझं काय राहिलं?" म्हणाले.

या सगळ्यात काकू गप्प असत. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई, आवाज चढवायची गरज कधी पडली नाही. गेल्या महिन्यात अण्णा बँकेत गेलेले असताना त्यांनी मला आणि माझ्या बायकोला बोलावलं. टेबलावर एक कागद होता. मजकुरावर सकाळचं वर्तमानपत्र आडवं ठेवलेलं, सहीपुरती जागा उघडी. काकूंनी सही केली, आम्ही ती करताना पाहिली, खाली आमच्या सह्या झाल्या. पोहे खाऊन आम्ही घरी. एका बैठकीत काम फत्ते.

संध्याकाळी अण्णा चिवड्याचा डबा घेऊन आमच्या दारात. "हिच्याकडे लिहिण्यासारखं आहे तरी काय?" फ्लॅटचे हप्ते दोघांनी फेडलेत आणि निम्मा फ्लॅट काकूंच्या नावावर आहे, हे त्यांना दुपारीच आठवलं असावं, कारण आवाज बारीक होता. फ्लॅटचे आजवर केलेले सगळे वाटे मुळात निम्म्याचेच होते.

"काय लिहिलंय, तेवढं सांगा."

"अण्णा, साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर नाही. कलम 63."

ते डबा ठेवून गेले. परवा गिरणीपाशी भेटले, हातात दळणाची पिशवी. "भाजणी आहे," म्हणाले, "हिला जरा जाडसर लागते." आणि पुन्हा आत जाऊन गिरणीवाल्याला जाडसर म्हणजे नेमकी किती, ते समजावत बसले.